वाटी बदललेल्या गुडघ्याचं परत ऑपरेशन सांगितलंय, काय करावं?

शेंगाचटणी:
नमस्कार मंडळी. आईचं वय ६८, २०१९ ला उजव्या गुडघ्याची वाटी बदलली. जन्मभर विड्या वळल्या ओ तिनं, सकाळी मांडीवर सूप घेऊन खाली बसली की उठणं दुपारीच, त्यामुळं गुडघे गेलेलेच होते. ऑपरेशननंतर मस्त चाललं होतं, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला पण चालत फिरून यायची. पण दिवाळीपासून तो गुडघा सुजालाय, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून बघितलं तर हाच गरम लागतो, रात्री दोनला उठून पाय धरून बसलेली असते. डॉक्टरांनी एक्सरे बघितला आणि म्हणाले वाटी ढिली झालीय, परत ऑपरेशन, आणि हे पहिल्यापेक्षा मोठं असतंय. आई म्हणते मला परत टेबलावर घालू नका. शुगर पण आहे तिला. सध्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, जरा बरं वाटतंय. करावं का नाही, कुणी केलंय का?

कडकभाकरी:
मी केलंय. पहिलं २००८, दुसरं २०२२. माझ्या वाटीतलं प्लास्टिक झिजून त्याच्या कणांनी हाड खाल्लं होतं, मग लांब दांडीची वाटी घातली. पहिल्या वेळी दीड महिन्यात काठी सुटली, दुसऱ्या वेळी चार महिने लागले, खोटं कशाला सांगू. पण आता जिना चढतो. तुमचं मात्र मला वेगळं वाटतंय, चौदा वर्षांनी ढिली होणं आणि इतक्या लवकर गरम होऊन ढिली होणं यात फरक आहे. सुई घालून गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं का?

वॉकरवाली_ताई:
मी फिजिओ आहे, सर्जन नाही, पण हेच विचारणार होते. आणि त्या गोळ्या कसल्या आहेत बघा आधी! अँटिबायोटिक असतील तर पाण्याच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, बऱ्याचदा जंतू सापडत नाहीत आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून सगळे खूष होतात. बरेच सर्जन तपासणीआधी दोन आठवडे त्या बंद ठेवायला सांगतात, पण मनानं बंद करू नका, सर्जनना विचारून. ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या पण करून घ्या. जंतू निघाले तर बऱ्याचदा दोन टप्प्यांत करतात, आधी वाटी काढून तिच्या जागी तात्पुरता औषध मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा, म्हणजे स्पेसर बसवतात, काही आठवडे अँटिबायोटिक, मग नवी वाटी. जंतू आत ठेवून नुसती वाटी बदलली तर ती पण जाणार. मधे थंडी वाजून ताप आला किंवा टाक्यांच्या जागेतून पाणी आलं तर त्याच दिवशी दवाखाना.

शेंगाचटणी:
आत्ता पाकीट बघितलं, अँटिबायोटिकच आहे ओ. पाणी काढलेलं नाही. आम्ही नुसते खर्चाच्याच मागं होतो.

हिशोबी_पेठकर:
खर्चाचं मी सांगतो. ऑगस्ट २०१७ ला सरकारनं वाट्यांच्या किमतीला कमाल मर्यादा घातली, तेव्हा साध्या कोबाल्ट क्रोम धातूच्या वाटीला ५४,७२० रुपये आणि रिव्हिजनच्या, म्हणजे परत बदलायच्या सेटला १,१३,९५०, वर जीएसटी. नंतर आकडे बदललेत, आजचा भाव विचारा. वाटीची किंमत, कंपनी, बॅच नंबर बिलात वेगळं लिहून घ्या, नाहीतर पॅकेजमध्ये सगळं गडप होतं. बाकी चार्जेसना ही मर्यादा नाही, पाहुणे. आणि जुनी फाइल शोधा, त्यात वाटीचे स्टिकर चिकटवलेले असतात, कुठली कंपनी, कुठला साइज, सर्जनला लागतं ते.

शेंगाचटणी:
फाइल सापडली, कपाटात साड्यांच्या खाली. स्टिकर पिवळे पडलेत पण नंबर वाचता येतो. मंगळवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जातोय दुसरं मत घ्यायला, रिक्षावाला पहाटे सव्वापाचला येतो म्हणालाय. दोन टप्प्यांचं आईला अजून सांगितलं नाही. नुसतं सुईनं पाणी काढतेत म्हटलं तर म्हणाली, मग तेवढंच करा बगा.