मदत हवी आहे: नवशिक्यांचे तेच तेच प्रश्न

परळला संध्याकाळी आम्ही चौघं संगणकावर युनिकोड (अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी, सगळीकडे चालणारी पद्धत) मराठी शिकवतो. दर तुकडीचे तेच दोन प्रश्न: ‘दुसऱ्या’तला ऱ्य कसा काढायचा, आणि जुन्या फॉन्टमधल्या फाइलीची खिचडी का दिसते?

बारा पानी पीडीएफ दिली, कुणी उघडलीसुद्धा नाही. मग कीबोर्डांवर चिठ्ठी डकवली: इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीमध्ये शिफ्ट धरून जे, मग शिफ्ट सोडून डी, मग तिरकी रेघ (/). पहिला प्रश्न जवळपास मिटला. दुसऱ्याला चिठ्ठी पुरत नाही. जितके फॉन्ट तितके कन्व्हर्टर (जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं).

संगणक उसने आहेत, नवीन काही इन्स्टॉल करता येत नाही. ‘आधी वाचून या’ म्हटलं की लाजरी मंडळी पुन्हा फिरकतच नाहीत (आमच्याच चुकीने दोघं गेली).

फॉन्ट ओळखून योग्य कन्व्हर्टरपर्यंत माणूस स्वतःच पोचेल, असा एकपानी तक्ता कुणी केलाय का? त्यात सुरुवात कशापासून केलीत?