मदत हवी आहे: ग्रामीण मजुरीतून महागाई वजा करताना कोणता निर्देशांक?

एमएच्या प्रबंधासाठी महाराष्ट्रातल्या ग्रामीण बांधकाम मजुरांची वास्तव मजुरी काढतेय. काळ मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३, रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला तो. पीएलएफएस (सरकारचं रोजगार-बेरोजगारीचं नियमित सर्वेक्षण) पाहिलं, पण तेव्हा तिमाही आकडे फक्त शहरांचे होते. म्हणून लेबर ब्युरोचे (केंद्रीय कामगार मंत्रालयाची आकडेवारी संस्था) मासिक ग्रामीण मजुरीदर घेतले.

अडले आहे ते पुढे. ग्रामीण मजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचं (सीपीआय) तेव्हाचं आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमतींशी तुलना होते ते, १९८६-८७, खूपच जुनं. सर्वसाधारण ग्रामीण सीपीआयचं तेव्हाचं आधारवर्ष २०१२, पण त्यात सगळी ग्रामीण कुटुंबं येतात. मजुराचा धान्य-तेलावरचा खर्च त्यात झाकला जातो, आणि मला तर तोच महत्त्वाचा वाटतो. दोन्ही राज्यवार मिळतात. विकतचा डेटा परवडणार नाही. मुख्य आकडेमोडीसाठी कोणता घ्यावा, आणि का?