जेडची तलवारसज्जा पाहिलीत का? अनुभव लिहा

संग्रहालयात पाटीवर लिहिलेलं असतं 'तलवारीचे जेडचे भाग, हान काळ' (जेड म्हणजे एक कठीण, बहुधा हिरवट दगड; हान हे चीनचं प्राचीन राजघराणं), आणि तलवारीचा पत्ताच नसतो! कुणी पाहिलेत? तेव्हा काय वाटलं ते सांगा. मी स्वतः लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये त्यातल्या एकाला कमरपट्ट्याचं बक्कल समजले होते.

*

मीही! बाजूने वाकून पाहिल्यावर आयताकृती खाच दिसली. तो तुकडा म्यानावर बाहेरून बसवायचा आणि खाचेतून पट्टा ओवायचा. पूर्ण संच चार तुकड्यांचा: मुठीच्या टोकाची गोल चकती, मूठ नि पात्याच्या मधला आडवा तुकडा, हा पट्ट्याचा, आणि म्यानाच्या टोकाचा. शेवटच्याला आपल्याकडे तहनाळ म्हणतील.

*

कामानिमित्त दक्षिण चीनमधल्या ग्वांगझोला होतो. १९८३ मध्ये तिथे नान्यूए या तिथल्या प्राचीन राज्याचा राजा चाओ मो याची कबर सापडली, त्यावरच संग्रहालय आहे. सगळी गर्दी रेशमी धाग्यांनी ओवलेल्या जेडच्या वस्त्रापाशी. मी मात्र तलवारींपाशी रेंगाळलो. लोखंडाचं गंजून ढेकूळ झालेलं, आणि जेडवरचा उठावातला ड्रॅगन बावीसशे वर्षांनंतरही जसाच्या तसा. जेडवर पोलादी सुरीचा साधा ओरखडा उठत नाही. मग कोरलं कसं? कोरलं नाहीच, कठीण वाळू लावून घासघासून झिजवलं. एका वळणाला किती दिवस गेले असतील, याचा हिशेब करत उभा राहिलो आणि बरोबरचे लोक पुढे निघून गेले.

*

फोटो काढला. काचेत माझंच पोट आलं.

*

चीनला गेले नाही. हैदराबादच्या सालारजंगमध्ये जेडच्या मुठीचे मुघल खंजीर पाहिलेत. मुघलांकडे जेड खोतानहून (आजच्या पश्चिम चीनमधलं) यायचं, चीनलाही तिथूनच जायचं. तेवढंच आपलं नातं.

*

माझ्या कपाळावर लहानपणीची खोक आहे, म्हणून हानांच्या इतिहासातली वांग मांगची गोष्ट विसरत नाही. (यानेच पुढे हानांचं सिंहासन बळकावलं.) त्याने खोंग श्यू नावाच्या अधिकाऱ्याला जेडने मढवलेली तलवार देऊ केली. तो घेईना. वांग मांग म्हणाला, "तुमच्या चेहऱ्यावर व्रण आहे, चांगल्या जेडने तो जातो," आणि नुसता पट्ट्याचा तुकडा काढून पुढे केला. तरी नाही. "किंमत जास्त वाटते का?" म्हणत त्याने तो फोडला, तुकडे स्वतः गुंडाळून दिले. तेव्हा कुठे खोंग श्यूने घेतले. संग्रहालयात अख्खा तुकडा दिसला की माझा हात आपसूक कपाळाकडे जातो.