दहा बाय तेराचा हॉल आणि राखाडी भिंती: हो की नाही?

गॅलरीवाली

दसऱ्याच्या आधी घर रंगवून घ्यायचंय. हॉल दहा बाय तेरा, गॅलरी पश्चिमेला, खाली बिल्डरने दिलेल्या त्याच पिवळट आयव्हरी टाइल्स, ज्या निम्म्या पुण्यात आहेत. मला भिंती राखाडी हव्यात. घरात आणि सोसायटीत ज्याला विचारावं तो म्हणतो, "एवढ्याशा हॉलला राखाडी? अंधारकोठडी होईल." म्हणून तुमचं मत विचारतेय. पण आधी माझी बाजू ऐका.

पांढऱ्या रंगाने खोली मोठी दिसते हे आपण सगळ्यांनी पाठ करून ठेवलंय. पश्चिमेच्या हॉलमध्ये दुपारी तीननंतर पांढऱ्या भिंतीकडे बघवत नाही. मग पडदे ओढायचे, आणि पडदे ओढले की दिवे लावायचे! फिका राखाडी ती तिरीप बरीच शोषून घेतो. शिवाय छोटा हॉल कोंदट वाटतो तो रंगापेक्षा तुकड्यांमुळे. पांढरी भिंत, तपकिरी सनमायक्याचं टीव्ही युनिट, मरून सोफा, हिरवे पडदे, दारावर पिवळं पॉलिश. नजर दर दोन फुटांवर अडखळते. भिंत, पडदे आणि सोफ्याचं कापड राखाडीच्या जवळजवळच्या छटांत घेतलं की कडा मऊ होतात आणि भिंत कुठे संपली ते चटकन कळत नाही.

आणि राखाडी म्हणजे काळपट नव्हे. बऱ्याच कंपन्यांच्या शेडसोबत एलआरव्ही नावाचा आकडा दिलेला असतो, म्हणजे तो रंग किती उजेड परत फेकतो. काळ्याकुट्टला 0, अगदी शुभ्रला 100. मी 60 च्या वरच्याच छटा बघतेय. याला अंधारकोठडी कोण म्हणेल?

खडूस खानोलकर

मी म्हणेन. पँटोन या रंगछटा ठरवणाऱ्या कंपनीने 2021 साठी राखाडी आणि पिवळ्याची जोडी 'वर्षाचा रंग' म्हणून जाहीर केली आणि मग जो तो सॅम्पल फ्लॅट राखाडी दिसायला लागला. राखाडी लॅमिनेट, राखाडी सोफा, भिंतीवर एक हरणाचं डोकं. 2025 चा त्यांचा रंग तपकिरी होता. तुमच्या भिंतीचा दुसरा हात वाळेपर्यंत फॅशन पुढच्या गल्लीत गेलेली असेल.

गॅलरीवाली

फॅशन बघून रंग घेतला असता तर तपकिरीच घेतला असता की, काका. हरणाचं डोकं नाहीये, आजोबांचा फोटो आहे.

तिसरा हात

रंगाच्या धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर. मला राखाडीचं वावडं नाही. पण तुम्ही जाता जाता सांगितलेल्या आयव्हरी टाइल्स हीच इथली खरी गोम आहे आणि त्यावर कुणी बोलत नाहीये.

शेव्रल नावाचा फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॅरिसच्या गोबलँ गालिचा-कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख होता. तक्रार आली की काळं सूत फिकं पडतंय. त्याने सूत तपासलं तर रंगाईत खोट नव्हती. शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे ते काळं मरगळलेलं दिसत होतं. त्यातून त्याने 1839 मध्ये शेजारच्या रंगांच्या परस्पर परिणामावर मोठा ग्रंथ लिहिला. मथितार्थ असा की राखाडीला स्वतःचं मत नसतं. शेजारी जो रंग असेल, त्याच्या विरुद्ध रंगाची झाक तो घेतो. लाल सोफ्यामागे तो हिरवट दिसतो, पिवळ्याशेजारी निळसर-जांभळा.

आता तुमचा हॉल डोळ्यांसमोर आणा. खाली सगळी जमीन पिवळट. वर तुम्ही शुद्ध राखाडी लावणार, आणि बहुतेक लोक निवडतात त्यात आधीच निळ्याचा थेंब असतो. रंगाऱ्याचं सामान हललं की भिंत लव्हेंडर दिसणार. "शेड चुकीची मिक्स केली" म्हणून लोक दुकानात भांडायला येतात, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारतो: टाइल्स कुठल्या?

दुसरा प्रश्न दिव्यांचा. आपल्याकडे हॉलमध्ये सर्रास 6500 केल्विनची पांढरी ट्यूब असते (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळसर). त्या निळसर उजेडात थंड राखाडी भिंत दवाखान्याच्या वेटिंग रूमसारखी दिसते. पावसाळ्यातला ढगाळ उजेडही साधारण तसाच निळसर, म्हणजे चार महिने दिवसासुद्धा तेच.

नीळकंठ

जुन्या घरांना चुना देताना त्यात नीळ टाकायचे, ते आठवतं का कुणाला? चुन्याचा पिवळेपणा मारायला. तो 'पांढरा' म्हणजे अगदी फिका निळसर राखाडीच होता आणि खाली शहाबादी फरशी, तीही राखाडी. त्यात आपल्या दोन पिढ्या वाढल्या, कुणाचं मन उदास झालं नाही. राखाडी परकी वगैरे म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या आजोळची ओसरी आठवावी.

खडूस खानोलकर

ओसरीला एक बाजू उघडी असायची हो. वन बीएचकेला स्लायडिंग खिडकी असते, तिला जाळी, तिच्यापुढे ग्रिल आणि ग्रिलवर वाळत घातलेले टॉवेल.

उप्सालाकर

इकडून स्वीडनमधून एक भर. हे सगळं राखाडी प्रकरण 'स्कँडिनेव्हियन' नावाने विकलं जातं म्हणून बोलते. इथे फिक्या राखाडी खोल्यांची परंपरा जुनी आहे, अठराव्या शतकाच्या शेवटी तिसऱ्या गुस्ताव राजाच्या काळातली. पण तिच्यासोबत मोठे आरसे होते, सोनेरी किनारी होत्या, फिकट लाकडी जमीन होती आणि मेणबत्त्यांचा पिवळा उजेड होता. डिसेंबरात इथे तीन वाजायच्या आत सूर्य मावळतो. अशा वेळी या खोल्यांना ऊब देतात ते दिवे. आजही कुणाच्या घरी गेलात तर छतावर एक झगझगीत ट्यूब क्वचित दिसेल. कोपऱ्यात, खिडकीत, पुस्तकांशेजारी छोटे पिवळसर दिवे असतात. तुम्ही नुसती भिंत उचलताय, दिवे तिथेच सोडताय. मला विचाराल तर पुण्याच्या उन्हात मी राखाडी लावणार नाही. इतका भरभरून उजेड आहे, त्याला हळदी रंग लावा की!

सुलूमावशी

तुमचा शेव्रल राहू दे बाजूला. आमच्याकडे दिवाण भिंतीला टेकून आहे. मागच्या राखाडी मॅट भिंतीवर डोक्यांच्या उंचीला तेलाचे गोल डाग पडलेत, खोबरेलचे. घरातली माणसं मोजून घ्या त्यावरून. पुसायला गेलं की डागाच्या जागी चकाकी येते, ती तिरक्या उजेडात आणखी दिसते. रंग कुठलाही लावा, पण मॅट लावू नका.

तिसरा हात

मावशींचं बरोबर, पण अर्धं. चकाकणाऱ्या फिनिशमध्ये भिंतीचे उंचसखल सगळे दिसतात, आणि पश्चिमेचं ऊन तिरकं येतं म्हणजे फारच. लांबी (पुट्टी) नीट भरून घासून घेतली असेल तरच शीन, म्हणजे चकाकणारा रंग, लावा. नाहीतर मधला मार्ग, धुता येणारा हलक्या चमकेचा रंग.

गॅलरीवाली

टाइल्स बदलायचं बजेट नाही, हे आधीच सांगते. त्यामुळे तिसरा हात यांचा मुद्दा पटला. निळ्या झाकेचे नमुने बाजूला ठेवलेत, थोडी मातकट झाक असलेले राखाडी बघतेय. ट्यूब काढून 4000 केल्विनचे दिवे आणि सोफ्याजवळ 3000 चा एक लँप. पण हळदी नाही हां, उप्सालाकर. माझ्या माहेरचा हॉल हळदी होता, मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता आत बसवायचं नाही. शिवाय गणपतीत मागे राखाडी असेल तर झेंडूची माळ उठून दिसते. हळदी भिंतीवर झेंडू लावून बघा, दिसतो का ते.

खडूस खानोलकर

मातकट झाकेचा फिका राखाडी. म्हणजे बिस्किट कलर. इतकी चर्चा करून बाई आमच्या 1998 च्या हॉलवर आल्या!

गॅलरीवाली

संध्याकाळी शेडकार्ड घेऊन येते, तुमच्या बिस्किटाशेजारी धरून दाखवते.

तिसरा हात

कार्ड नका धरू. एवढ्याशा चौकोनावर रंग फिका भासतो, चारही भिंतींवर तोच गडद वाटतो, कारण भिंती एकमेकींवर रंग फेकतात. छोटा सँपल डबा आणा, मोठ्या कार्डशीटवर दोन हात मारा, कडेने चार बोटं पांढरी पट्टी सोडा म्हणजे जुन्या भिंतीचा रंग मध्ये लुडबुडणार नाही. मग शीट दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री नव्या दिव्यांखाली, तिन्ही वेळा जमिनीलगत उभी करून बघा. टाइल्सशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर नव्हे. आणि पसंत पडेल त्याहून एक घर फिकी शेड मागा.

नीळकंठ

आणि छत?

तिसरा हात

छत पांढरंच. त्यावर माझ्याशी वाद घालू नका, मी हरणार नाही.

खडूस खानोलकर

यांच्या छताची उंची किती, ते तरी विचारा आधी.