राष्ट्रनिर्मितीच्या ऑनलाइन रोलप्लेची नियमावली : युद्धाचा निकाल कोणी ठरवावा?

वैनगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार. नागपुरातील आम्ही काही मित्रमैत्रिणी डिस्कॉर्डवर राष्ट्रनिर्मितीचा रोलप्ले चालवतो. प्रत्येक खेळाडू एका कल्पित राष्ट्राचा प्रमुख असतो. नकाशा विदर्भाच्या भूगोलावरून बेतलेला आहे, त्यामुळे कोणाच्या वाट्याला चंद्रपूरसारख्या कोळशाच्या खाणी आल्या आहेत, कोणाला यवतमाळसारखी कापसाची काळी जमीन, तर कोणाला गडचिरोलीसारखे दाट जंगल. अर्थसंकल्प, निवडणुका, व्यापारी करार हे सगळे उत्तम चालते. युद्ध सुरू झाले की मात्र खेळ कोलमडतो.

मागच्या युद्धात एकाने लिहिले, "आमच्या सैन्याने पहाटेपूर्वी तुमची राजधानी ताब्यात घेतली आहे." त्यावर दुसऱ्याने तत्काळ लिहिले, "तुमची सर्व विमाने सीमेवरच पाडण्यात आली आहेत." दोघेही मागे हटले नाहीत आणि तो धागा तिथेच थांबला. त्याच सुमारास समुद्रकिनारा नसलेल्या एका राष्ट्राने तीन विमानवाहू नौकांची घोषणा केली. आमच्या सध्याच्या नियमांत याविषयी "वास्तववादी खेळावे" एवढे एकच वाक्य आहे. नवी नियमावली लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे आली असून, युद्धाचा निकाल कोणी द्यावा, सैन्यावर आणि बांधकामावर मर्यादा कशी घालावी आणि पंचाने स्वतःचे राष्ट्र चालवावे की नाही, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

धंतोलीकर

सर्वांत आधी एकच नियम लिहा आणि तो पहिल्या क्रमांकावर ठेवा : खेळाडूने फक्त आपल्या राष्ट्राचा प्रयत्न लिहावा, दुसऱ्याच्या राष्ट्रावर झालेला परिणाम लिहू नये. "आम्ही तीन तुकड्या उत्तरेकडील पुलाकडे पाठवत आहोत" हे चालेल. "पूल आमच्या ताब्यात आला" हे पंचाने जाहीर करेपर्यंत कोणीही लिहू नये. ज्याला आपण गॉडमॉडिंग म्हणतो, म्हणजे दुसऱ्याला वाव न देता निकाल स्वतःच जाहीर करणे, त्यातला मोठा भाग एवढ्यानेच थांबतो. "वास्तववादी खेळावे" हे वाक्य काढून टाका, कारण भांडणारे दोघेही तेच वाक्य स्वतःच्या बाजूने पुढे करतात.

पंचाची कल्पना नवी नाही. प्रशियन सैन्यात १८२४ पासून वापरल्या गेलेल्या क्रीगश्पील या युद्धखेळात दोन्ही बाजू आपले लेखी आदेश पंचाकडे देत असत आणि आपल्या सैन्याला जेवढे दिसू शकेल तेवढेच पंच त्यांना सांगत असे. यामुळे मेटागेमिंगलाही, म्हणजे खेळाबाहेर कळलेली माहिती खेळात वापरण्यालाही, आळा बसतो, कारण शत्रूच्या चॅनेलवर वाचलेली गोष्ट आपल्या सेनापतीला ठाऊक असण्याचा प्रश्नच उरत नाही.

मर्यादांच्या बाबतीत काळाचे प्रमाण ठरवल्याशिवाय काहीही ठरत नाही. समजा प्रत्यक्षातला एक आठवडा म्हणजे खेळातले एक वर्ष. आपल्या नागपूर मेट्रोचे काम २०१५ मध्ये सुरू झाले आणि पहिली प्रवासी सेवा मार्च २०१९ मध्ये. म्हणजे राजधानीत मेट्रो हवी असलेल्या खेळाडूला साधारण चार आठवडे तिचा खर्च अर्थसंकल्पात दाखवावा लागेल. विक्रांत या विमानवाहू नौकेचा कणा फेब्रुवारी २००९ मध्ये बसवला गेला आणि ती नौदलात दाखल झाली सप्टेंबर २०२२ मध्ये. या हिशेबाने अशी एक नौका तेरा-चौदा आठवडे घेईल, आणि मग कोणीही एका रात्रीत तीन नौका जाहीर करणार नाही. सैन्यासाठी शांतताकाळात लोकसंख्येच्या एक टक्क्याची कमाल मर्यादा ठेवा. भारताचे सक्रिय सैन्य सुमारे चौदा लाख, म्हणजे लोकसंख्येच्या साधारण ०.१ टक्काच आहे, तेव्हा दोन कोटींच्या राष्ट्राला दोन लाख सैनिक ही सढळ सूट आहे. युद्धात ती ओलांडू द्यावी, परंतु जेवढी माणसे शेतातून आणि खाणींतून उचलली जातील तेवढे उत्पन्न त्याच आठवड्यात घटलेच पाहिजे.

संत्रानगरी

वरील बहुतेक गोष्टी मान्य आहेत. मात्र टक्के आणि तक्ते वाढत गेले की लिहिण्याचा आनंद जातो, याकडे लक्ष द्यावे. क्रीगश्पीलमध्येही हाच वाद झाला होता आणि १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने तक्ते-फासे बाजूला सारून अनुभवी पंचाच्या विवेकावर खेळ सोपवण्याचा पुरस्कार केला. माझा कल त्याच बाजूला आहे, फक्त एका अटीवर : पंचाने निकालासोबत चार ओळींत कारण लिहिलेच पाहिजे. कारण वाचायला मिळाले की हरलेला खेळाडूही पुढचा प्रसंग मन लावून लिहितो.

आदेश मात्र एकाच वेळी उघडावेत. डिप्लोमसी या १९५९ मध्ये प्रकाशित झालेल्या पटावरच्या खेळात सर्व खेळाडू आपापल्या चाली गुप्तपणे लिहितात आणि त्या एकत्र वाचल्या जातात. तुमच्याकडे रविवारी रात्री नऊपर्यंत आदेश पंचाच्या खासगी चॅनेलवर द्यावेत आणि नंतर आलेला आदेश पुढच्या फेरीत धरावा. आज ज्याचे इंटरनेट वेगवान किंवा ज्याला रात्री जागणे परवडते, तो जिंकतो; नोकरी करणाऱ्या आणि परीक्षा असलेल्या खेळाडूंवर हा उघड अन्याय आहे.

पंचाचे राष्ट्र असू नये, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पंच कितीही सरळ असला तरी त्याच्या शेजारी राष्ट्राच्या बाजूने लागलेला प्रत्येक निकाल संशयाने वाचला जातो. खेळाडू कमी असतील तर दर युद्धासाठी त्या युद्धाशी सीमा, करार वा व्यापार यांपैकी काहीही संबंध नसलेला खेळाडू पंच नेमावा.

झिरो माइल

करारांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. समुद्र नसलेल्या राष्ट्राला नौदल सरसकट नाकारू नका. १९८२ च्या सागरी कायदाविषयक करारात भूवेष्टित राष्ट्रांना समुद्रापर्यंत पोहोचण्याचा हक्क दिलेला आहे, परंतु मार्गाच्या अटी शेजारच्या राष्ट्राशी ठरवाव्या लागतात. तेव्हा त्या खेळाडूने आधी किनाऱ्यावरील राष्ट्राशी बंदराचा करार करावा. यातूनच कितीतरी चांगले प्रसंग निर्माण होतील.

करार कसा लिहावा, हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. विदर्भाला महाराष्ट्रात सामील करून घेण्याविषयीच्या १९५३ च्या नागपूर करारातील, वर्षातून विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन नागपुरात घेण्याचे कलम आजही कोणालाही तपासता येते, कारण त्यात ठिकाण आहे आणि संख्या आहे. निधीच्या न्याय्य वाटपाबद्दलचे वाद मात्र विदर्भात आजतागायत चालू आहेत. तुमच्या खेळातही "परस्परांना सर्वतोपरी मदत" असे कलम पंचाने नोंदवून घेऊ नये. किती सैनिक, किती आठवड्यांत, कोणत्या सीमेवर, हे नसेल तर करार परत पाठवावा.

वैनगंगाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रयत्न आणि परिणाम यांचा नियम पहिला ठेवतो, रविवारची मुदत घेतो आणि पंचाला राष्ट्र देत नाही. एक शंका उरते : युद्ध चालू असताना एखादा खेळाडू येणेच बंद झाला, तर त्याचे राष्ट्र आक्रमकाला मिळावे का?

धंतोलीकर

मिळू नये. तसे केले तर घरी आजारपण असलेल्या माणसाचे राष्ट्र गिळणे हीच सर्वांत सोपी चाल ठरेल. त्याने आधी कळवले असेल तर युद्ध गोठवावे. न कळवता दोन फेऱ्या चुकल्या तर पंचाने त्याच्या सैन्याला केवळ बचावाचे आदेश द्यावेत, आणि चार फेऱ्यांनंतर ते राष्ट्र काळजीवाहू सरकारकडे सोपवून नव्या खेळाडूसाठी खुले करावे. नवा खेळाडू जुन्या करारांना बांधील राहील, हेही त्याच कलमात लिहा.