व्हिनेगरचा उपाय नको
बंदुकीच्या नळीत धरलेलं छऱ्यांचं शिसं काढायला वर कुणीतरी व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून नळीत ओतायला सांगितलंय, ते प्लीज कुणी करू नका. शिसं विरघळतं हे खरं, पण त्यातून लेड अॅसिटेट तयार होतं आणि ते विषारी असतं, शिवाय जरा जास्त वेळ राहिलं तर नळीचं स्टीलही खाल्लं जातं, मग बसा खड्डे मोजत.

बारा बोअरमध्ये (छऱ्यांच्या बंदुकीत) शिसं मुख्यतः दोन जागी धरतं, चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) लगेच पुढे जिथे नळी निमुळती होते तिथे आणि टोकाला चोकपाशी (तोंडाच्या अरुंद भागापाशी). बंदूक रिकामी आहे ना ते आधी बघा, नळी उतरवा आणि उजेडाकडे धरून आत डोकवा, राखाडी मळकट पट्टे दिसतील तेच शिसं. बंदूक साफ करायचं सॉल्व्हंट लावून पंधरा मिनिटं तरी सोडा (इथेच सगळे घाई करतात), मग ब्राँझचा ब्रश चेंबरकडून आत घाला. तरी नाही निघालं तर जुन्या ब्रशला चार शून्यवाली बारीक स्टील वूल गुंडाळून, तेल लावून, त्या दोन जागी नीट फिरवा. काचपेपर अजिबात नको. तांब्याची घासणी पण चालते, फक्त आधी लोहचुंबक लावून बघा, चिकटली तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा.

चोक स्क्रूवाला असेल तर काढून वेगळा साफ करा, आटे पण पुसा. प्लास्टिक कपवाली काडतुसं (आत छरे प्लास्टिकच्या कपात असतात ती) असतील तर शिसं कमी धरतं, पण प्लास्टिकचा थर बसतो, तोही सॉल्व्हंटनेच जातो.

नळी पुसलेल्या चिंध्या पोरांच्या हाताला लागू देऊ नका, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका 😀