मापदंड एकच, मग अन्याय कसा?

मंदार : लष्करातील कायमस्वरूपी नियुक्तीसाठी पुरुषांना असलेलेच वैद्यकीय निकष स्त्रियांना लावले, तर भेदभाव कुठे झाला? २०२१च्या नितीशा निकालात सर्वोच्च न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव (नियम सर्वांना सारखा, पण फटका एका गटाला जास्त) ठरवून सवलतीलाच समानतेचे नाव दिले आहे.

स्नेहल : हे वाचून राहवले नाही. निकष तेच होते, पण ते लावण्याची वेळ तीच नव्हती. पुरुषांची तपासणी सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी झाली. स्त्रियांना ती संधीच नाकारली गेली आणि त्यांना कायमस्वरूपी नियुक्तीची दारे उघडणाऱ्या २०२०च्या बबिता पुनिया निकालानंतर, चाळिशी उलटलेल्या अधिकाऱ्यांकडून पंचविशी-तिशीतली तंदुरुस्ती मागितली गेली.

विनायक : न्यायालयाचे एवढे कौतुक नको. १९८१च्या नर्गेश मिर्झा प्रकरणात त्याच न्यायालयाने गरोदरपणामुळे हवाई सुंदरीला काढण्याचा नियम रद्द केला, पण पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास काढण्याचा नियम राखला. आणि कंत्राटी स्त्रियांचे काय? माझी बहीण एका शाळेत शिकवत होती. बाळंतपणाची रजा मागताच तिचा करार वाढवला गेला नाही.

मंदार : हे अवांतर आहे. २०१७ पासून रजा १२ऐवजी २६ आठवड्यांची झाली. पगाराचा भार मालकावर पडतो, म्हणून आमच्या औद्योगिक वसाहतीतले छोटे कारखानदार तरुण मुलींना कामावर घ्यायला कचरतात.

विनायक : माझ्या बहिणीची नोकरी गेली, तिला अवांतर म्हणू नका! २००० साली दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रियांना प्रसूतिलाभ मिळाला. २०२३च्या कविता यादव निकालाने तो कराराची मुदत संपल्यानंतरही देय ठरवला. पण ते निकाल घेऊन कोर्टाची पायरी चढण्याइतका पैसा कंत्राटी शिक्षिकेकडे कुठून येणार?

स्नेहल : मंदार, कारखानदारांची अडचण खरी आहे, पण कामगार राज्य विमा योजनेत येणाऱ्या स्त्रियांना हा लाभ विमा निधीतून मिळतो. त्या योजनेची व्याप्ती वाढवण्याची मागणी करा. मुलींना नाकारण्याचे समर्थन करू नका.

मंदार : मी समर्थन केलेले नाही. तपासणीच्या वेळेचा मुद्दा मान्य करतो, तोही न्यायालयाने वैद्यकीय निकष रद्द केले नाहीत म्हणून. मात्र उद्या कोणत्याही निवडीत स्त्रिया कमी दिसल्या, की अप्रत्यक्ष भेदभावाचा आरोप होईल.

स्नेहल : नुसत्या कमी संख्येने तो सिद्ध होत नाही. नितीशा निकालाने कॅनडाच्या फ्रेझर निकालातली कसोटी स्वीकारली आहे : नियमाचा विषम परिणाम एखाद्या गटावर होतो हे दाखवावे लागते आणि त्यामुळे त्या गटाचे आधीचे नुकसान पक्के होते किंवा वाढते, हेही.